सही एकाची, पाटी दुसरीच्या डोक्यावर

अल्पभूधारक शेतकऱ्यांसाठी प्रशिक्षणाचे कार्यक्रम आखणारे, त्यांना पैसा पुरवणारे आणि त्यांचे अहवाल तपासणारे, अशा सर्वांना

सप्रेम नमस्कार,

तुम्ही मला ओळखत नाही, पण माझं अक्षर तुमच्या फायलींत आहे. लहान शेतकऱ्यांना शाश्वत शेती शिकवणं हे माझं काम. गेली अनेक वर्षं मी अहवाल पाठवतो आहे: इतके गट, इतकी शिबिरं, इतके लाभार्थी, सोबत हजेरीपट आणि फोटो. त्यातला एकही आकडा खोटा नाही. तरीसुद्धा एका अहवालाबद्दल कबुली द्यायची राहून गेली आहे. ती आज देतो, आणि त्या निमित्तानं जरा लांबलचक लिहितो.

शिबिर कंपोस्टचं होतं, दोन दिवसांचं. मी मन लावून शिकवलं. तळाला जाड काडीकचरा, त्यावर हिरवा पाला, मग शेण, मातीचा पातळ थर, पुन्हा काडीकचरा. कर्ब आणि नत्राचं प्रमाण 30 ला 1 च्या आसपास का असावं ते सांगितलं. ओलावा कसा ओळखायचा ते हातात घेऊन दाखवलं: मुठीत दाबलं तर बोटांच्या फटीतून थेंब-दोन थेंब यावेत, धार लागू नये. ढीग नीट लागला तर आतलं तापमान 55 ते 65 अंशांपर्यंत चढतं आणि तणांचं बरंचसं बी त्यात मरतं, हे ऐकून मंडळी खूश झाली. 40 सह्या झाल्या, 40 ही पुरुषांच्या. पंधरवड्यात 40 खड्डे खणून तयार. फोटो गेले, अभिनंदनाचं पत्रही आलं.

पुढच्या हंगामात फिरलो तेव्हा बहुतेक खड्ड्यांत पावसाचं पाणी साचलेलं होतं. एकात सायकलचं फाटकं टायर तरंगत होतं. मी मनातल्या मनात 'पालथ्या घड्यावर पाणी' म्हणत निघालो होतो, तेवढ्यात त्या घरची बाई गोठ्यातून बाहेर आली. म्हणाली, "भाऊ, खड्डा यांनी खणला. भरायचा कुणी?" आणि तिनं बोटांवर हिशेब मांडला. गोठा इथं, खड्डा तिथं बांधाला. एवढ्या खड्ड्याला शेणाच्या किती पाट्या, पाण्याचे किती फेरे, दोन-तीन आठवड्यांनी खालवर करायचं ते वेगळं, आणि हे सगळं ऐन खुरपणीत. "मला विचारलं असतं तर गोठ्यामागंच खणा म्हटलं असतं. उताराला आहे, मूत आपसूक तिकडं जातं. यांनी बांधाला खणला, म्हणे फोटो नीट येतो."

दोन दिवस घसा कोरडा करून मी जे शिकवलं, त्यापेक्षा जास्त शेतीशास्त्र त्या चार वाक्यांत होतं. ती शिबिराला नव्हती. शिबिर ज्या वेळेला होतं ती धारेची वेळ होती, आणि आमंत्रण ज्याच्या नावावर जमीन त्याला गेलं होतं.

तुमच्याकडे माझं मागणं काय ते इथंच सांगून टाकतो, पुढचं सगळं त्याच्याच आधारानं आहे. प्रशिक्षण एका माणसाला देऊ नका, घराला द्या. दोन दिवस देऊ नका, एक पूर्ण हंगाम द्या. आणि मोजायच्या असतील तर सह्या मोजू नका, पुढच्या हंगामात त्या शेतात काय बदललं ते मोजा.

जगात 60 कोटींहून जास्त शेतं आहेत. त्यातली सुमारे 84 टक्के दोन हेक्टरांपेक्षा लहान. एकूण शेतजमिनीचा जेमतेम 12 टक्के वाटा त्यांच्याकडे, पण जगातलं सुमारे एक तृतीयांश अन्न तिथून येतं. या शेतांतली बहुतेक कामं पगारी माणसं करत नाहीत. नवरा, बायको, म्हातारी, शाळेतून आलेलं पोर, अशी विभागून होतात. बी निवडून ठेवते एक, औषध फवारतो दुसरा, जनावरं बघते तिसरी, आणि कर्ज कुठून काढायचं ते चौथा ठरवतो. संयुक्त राष्ट्रांनी 2019 ते 2028 हे दशक 'कौटुंबिक शेती'चं म्हणून जाहीर केलं आणि 2026 हे वर्ष महिला शेतकऱ्यांचं. घोषणेत कुटुंब आलं, बाई आली. हजेरीपटात मात्र अजून एकच रकाना आहे: शेतकऱ्याचं नाव.

आता हंगामाबद्दल. जुनी गोष्ट आहे, पण तुमच्यातले अनेक जण या क्षेत्रात नवे आहेत म्हणून सांगतो. 1970 च्या दशकापासून जागतिक बँकेच्या पैशावर 'प्रशिक्षण आणि भेट' नावाची पद्धत पन्नासहून अधिक देशांत राबवली गेली. कृषी सहायकानं पंधरा दिवसांनी एकदा ठरलेल्या दिवशी यायचं, निवडक संपर्क शेतकऱ्यांना ठरलेला संदेश द्यायचा, त्यांनी तो बाकीच्यांना सांगायचा. कागदावर याच्याइतकी नेटकी रचना शोधून सापडायची नाही. संदेश वरून खाली पाण्यासारखा वाहत येणार होता. प्रत्यक्षात संपर्क शेतकरी बहुधा ऐपतीचा निघाला, संदेश सगळ्या शेतांना एकच राहिला आणि परकीय पैसा आटला तशी ती यंत्रणाही आटली. तुमच्या आजच्या आराखड्यांतही तोच नळ मला दिसतो. नाव फक्त बदललं आहे: प्रशिक्षकांचं प्रशिक्षण, त्यांनी पुढच्यांना, त्यांनी आणखी पुढच्यांना. शेवटच्या माणसापर्यंत पोचतो तो बॅनर.

याच्या उलट घडलेलं उदाहरण इंडोनेशियातलं आहे आणि ते जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे.

भाताच्या नव्या जाती, खत आणि भरघोस अनुदानावरची कीटकनाशकं यांच्या जोरावर तो देश 1984 साली तांदळात स्वयंपूर्ण झाला. लगेच पुढच्या दोन हंगामांत तपकिरी तुडतुड्यांनी पिकं होरपळून टाकली. फवारलं तर कीड कमी व्हायची सोडून वाढत होती. कारण साधं होतं, पण ते दिसायला शेतात वाकून बघावं लागत होतं. तुडतुड्याची मादी अंडी घालते ती पानाच्या आवरणाच्या आत, तिथं औषध पोचत नाही. औषधानं मरत होते ते तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि त्यांची अंडी शोषणारे ढेकूण. आठवड्या-दीड आठवड्यानं अंडी फुटली की पिल्लांना खाणारं कुणी शिल्लकच नाही. म्हणजे सरकार तिजोरीतून पैसे घालून कीड पोसत होतं. नोव्हेंबर 1986 मध्ये भातावरच्या 57 कीटकनाशकांवर तिथं बंदी आली आणि पुढच्या दोनेक वर्षांत अनुदानही काढून घेतलं गेलं.

नुसत्या बंदीनं भागलं नसतं. शेतकऱ्याच्या मनातली भीती तर शिल्लकच होती: किडा दिसला की हात पंपाकडे जातो. म्हणून 1989 पासून तिथं शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. पंचवीसेक जणांचा गट, आठवड्यातून एक सकाळ, पेरणीपासून कापणीपर्यंत. सभागृह नाही, शेत. छोट्या तुकड्या करून चिखलात उतरायचं, भाताची ठरावीक चुडं (ठोंबं) तपासायची, किडे मोजायचे, मग बांधावर बसून मोठ्या कागदावर रंगीत खडूनं चित्र काढायचं: मधोमध रोप, एका बाजूला खाणारे किडे, दुसऱ्या बाजूला त्यांना खाणारे. पाणी किती, ऊन किती, पानांचा रंग कसा. आणि मग वाद. फवारायचं की थांबायचं? प्रशिक्षकानं उत्तर द्यायचं नाही. 'हा किडा कुठला?' असं कुणी विचारलं तर उलट विचारायचं, 'कुठं सापडला? काय करत होता?' शंका असेल तर किडा जाळीखाली रोपावर सोडायचा आणि आठवडाभर बघायचं, कोण कुणाला खातं.

हे मी करून बघितलं आहे. उत्तर माहीत असताना गप्प बसणं ही जगातली सर्वांत अवघड प्रशिक्षणपद्धत आहे. एका काचेच्या बरणीत मावा लागलेली डहाळी आणि ढालकिड्याची अळी ठेवली होती. ती अळी दिसायला कुरूप, काळी-नारिंगी, काटेरी. सगळे तिला शत्रू समजून चिरडत असत. दुसऱ्या दिवशी डहाळी जवळजवळ साफ. एक आजोबा बराच वेळ बरणी डोळ्यांजवळ धरून बसले आणि म्हणाले, "आयुष्यभर मी हिलाच मारत आलो." असं वाक्य पडद्यावर स्लाइड दाखवून कुणाच्या तोंडून निघत नाही.

शेतीशाळा आता नव्वदहून अधिक देशांत पोचल्या आहेत, आणि तरी मी त्या डोक्यावर घेऊन नाचणार नाही. त्यांच्या परिणामांचा एक मोठा आढावा 2014 साली प्रसिद्ध झाला. शाळेत आलेल्यांचं उत्पादन आणि नफा वाढतो, असं त्यातून दिसलं. शेजाऱ्यापर्यंत मात्र हे ज्ञान आपोआप झिरपत नाही, आणि कार्यक्रम झपाट्यानं मोठा केला की गुण पातळ होतो. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. 'युरिया एवढा टाक' हे बांधावरून ओरडून सांगता येतं. थांबायचं कधी, हे बघून-बघून अंगवळणी पडतं. ते ऐकीव होऊ शकत नाही. तेव्हा '1 शेतकरी शिकला म्हणजे 10 शिकले' हा गुणाकार प्रस्तावात करायचं कृपया सोडून द्या. ज्यांना शिकवायचं आहे त्यांना शिकवावंच लागेल, आणि त्याचा खर्च धरावाच लागेल.

'का' सांगितल्याशिवाय 'कसं' टिकत नाही, हेही याच ओघात सांगतो. केनियातल्या कीटकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय केंद्रानं मक्यासाठी विकसित केलेली एक पद्धत घ्या. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम नावाची शेंगवर्गीय वनस्पती लावतात, शेताच्या कडेनं नेपियर गवत. डेस्मोडियमच्या वासानं खोडकिड्याचा पतंग शेतातून हटतो आणि कडेच्या गवताकडे ओढला जातो. शिवाय डेस्मोडियमच्या मुळांतून झिरपणाऱ्या द्रव्यांमुळे टारफुल्याचं, म्हणजे मक्याच्या मुळांवर जगणाऱ्या तणाचं, बी रुजतं, पण त्याला मक्याच्या मुळावर चिकटता येत नाही आणि ते उपाशी मरतं. जमिनीत नत्र साठतो, जनावरांना वैरण मिळते. सुंदरच आहे. पण ज्या घरी जनावर नाही, तिथं कडेचं गवत म्हणजे अडवलेली जागा. त्या घराला यातलं टारफुल्याचं कारण कळलं तर ते डेस्मोडियम ठेवील आणि गवताचं दुसरं काही बघेल. नुसता नकाशा हातात दिला तर पहिल्या अडचणीला सगळंच उपटून टाकेल.

मातीबद्दल मी हल्ली व्याख्यान देत नाही. दोन बरण्या पाण्यानं भरतो. एका घरातल्या सगळ्यांना बोलावतो, पोरांनाही. एक ढेकूळ वारंवार नांगरलेल्या शेतातलं, एक बांधावरच्या गवताखालचं, दोन्ही चांगली वाळवलेली. दोन्ही जाळीच्या तुकड्यावर ठेवून हळूच पाण्यात सोडायची. शेतातल्या ढेकळातून बुडबुडे निघतात, कडा सुटतात, आणि बघता बघता त्याचा गाळ होऊन तळाला बसतो. बांधावरचं तसंच उभं. पाणी वर निवळशंख. जमीन तीच, पाऊस तोच. एकीला मुळांनी आणि त्यांच्या भोवतीच्या बुरशीनं धरून ठेवलं आहे, दुसरीला धरणारं कुणी उरलेलं नाही. एकदा एका पोरीनं विचारलं होतं, "मग आपलं शेत पावसात असंच विरघळतं?" तिच्या बापानं काही उत्तर दिलं नाही. त्या घरी पुढच्या वर्षी पिकाचे अवशेष जाळले गेले नाहीत. सगळे नाही ठेवले त्यांनी, निम्मे गुरांना गेले. मला ते चालतं. तुमच्या 'अवलंबनाचा दर' या रकान्यात निम्म्याला जागा नाही, म्हणून ते घर 'नाही' मध्ये गेलं.

इथं जोखमीचा मुद्दा येतो. दोन एकरांच्या मालकाला तुम्ही सगळं शेत एकदम बदलायला सांगता तेव्हा त्याचं वर्ष पणाला लावायला सांगत असता. तुमचं काय जातं? फसलं तर 'शिकवण' म्हणून अहवालात एक परिच्छेद. त्याच्या घरात मुलीचं शिक्षण थांबतं. 1970 च्या दशकात ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात शेतकऱ्यांनीच शेतकऱ्यांना शिकवायची चळवळ सुरू झाली, तिथून ती मेक्सिको, निकाराग्वा, पुढं क्युबापर्यंत गेली. तिचा नियम होता: लहान तुकड्यावर करून बघ, एका वेळी एक-दोनच गोष्टी, आणि पटलं तर वाढव. 1998 साली मिच वादळानं मध्य अमेरिकेत डोंगर खाली आणले. त्यानंतर या चळवळीतल्या शेतकऱ्यांनी शेजारी-शेजारी असलेल्या शेतांच्या जोड्या करून 1,804 तुकडे स्वतः तपासले. समपातळीवर बांध, आच्छादन, हिरवळीचं खत करणाऱ्यांच्या शेतात वरची सुपीक माती जास्त टिकली होती. मोजणी कुणी केली तेही बघा. अंतिम मूल्यमापनासाठी बाहेरचा सल्लागार आणायची सवय आपल्याला आहे, म्हणून म्हणतो.

घाई केली की काय होतं, त्याचा दाखला श्रीलंकेनं दिला. एप्रिल 2021 मध्ये देश सेंद्रिय करायचा म्हणून रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी, नोव्हेंबरमध्ये माघार. मधल्या काळात भाताचं उत्पादन घसरलं, चहा घसरला. सेंद्रिय शेती हरली असा निष्कर्ष काढून काही जण मोकळे झाले. मला त्यात एवढंच दिसतं की लाखो घरांना जे काही हंगाम शिकायला लागले असते, ते एका आदेशात उरकायचं ठरवलं गेलं. पी हळद अन् हो गोरी.

आणखी एक गोष्ट तुमच्या अभ्यासक्रमात कुठंच नसते: जमीन कुणाची, झाड कुणाचं. नायजरमध्ये तोडलेल्या झाडांच्या जमिनीतल्या बुंध्यांना फुटणारे धुमारे निवडून वाढवण्याची पद्धत 1980 च्या दशकात रुजली. त्यातून सुमारे 50 लाख हेक्टरांवर झाडं परत उभी राहिली, रोपवाटिकेतून एक रोपटं न आणता. तंत्र दहा मिनिटांत शिकवता येतं. पण झाड सरकारचं असं समजलं जात होतं, तोपर्यंत शेतकऱ्याला ते राखण्यात काय रस? शेतातलं झाड आपलं, हे मनात पक्कं झालं तेव्हाच धुमारे राखले गेले. जो खंडानं जमीन कसतो आणि पुढच्या वर्षी ती हातात असेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याला मी पाच वर्षांनी फळ देणारं मातीचं आरोग्य कसं शिकवू? शिकवतो, तो मान डोलावतो, सही करतो. अशा घराशी बोलण्याआधी मालकाशी बोलावं लागतं, निदान तीन वर्षांचा लेखी शब्द घ्यावा लागतो. त्या कामाला तुमच्या अंदाजपत्रकात 'प्रशिक्षण' म्हणत नाहीत. माझ्या मते तेच प्रशिक्षणाचं पहिलं सत्र आहे.

डिसेंबर 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं शेतकऱ्यांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या 25 व्या कलमात म्हटलं आहे की आपल्या परिसराला, समाजाला आणि आर्थिक परिस्थितीला साजेसं प्रशिक्षण मिळणं हा ग्रामीण कष्टकऱ्यांचा हक्क आहे. 'साजेसं' या शब्दावर बोट ठेवतो. एकच पुस्तिका सगळीकडे पाठवणं त्यात बसत नाही.

तेव्हा पुढचा प्रस्ताव मंजूर करताना एवढं करा. हजेरीपटात घराचं नाव लिहा आणि त्याखाली घरातल्या निदान दोघांची, त्यात एक बाई, नोंद मागा. शिबिराची वेळ ठरवण्याआधी तिला विचारा, आणि लहान मूल सांभाळायला माणूस ठेवायचा खर्च भत्त्याआधी धरा. गट कमी करा. 40 शिबिरांऐवजी 4 गट पण पेरणीपासून कापणीपर्यंत. प्रत्येक घराला एक छोटा तुकडा चुकण्यासाठी द्या, म्हणजे त्या तुकड्यावरचं नुकसान भरून द्या. बियाणं वाटण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. आणि प्रकल्प संपल्यावर दोन वर्षांनी कुणाला तरी परत पाठवा, न सांगता, फोटो न काढता. मागे एका शेतकऱ्यानं मला विचारलं होतं, "शाश्वत म्हणजे काय हो? अनुदान संपल्यावरही चालतं ते?" मी हसलो, पण यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून कुठल्या पुस्तिकेत मिळालेली नाही.

त्या कंपोस्टच्या बाईकडे मी नंतर गेलो होतो. खड्डा गोठ्यामागं नव्यानं खणला होता, उथळ, वाकडातिकडा, माझ्या एकाही मापात न बसणारा. तिनं वर फाटकं गोणपाट टाकलं होतं. हात घातला तर आत गरम लागलं. नवरा म्हणाला, "हिचं आहे ते, मला काही विचारू नका." सहीसाठी कागद पुढं केला तेव्हा तिनं हात पदराला पुसले आणि विचारलं, कुठं करू. मी नवऱ्याच्या नावाचा रकाना बघत बसलो.

शेवटी एक व्यावहारिक बाब. चालू वर्षाचा अहवाल निधी बंद व्हायच्या आत, महिनाअखेरीस मागितला आहे. पिकं आत्ता कुठं फुलोऱ्यात आहेत. माझा अहवाल कापणी झाल्यावर येईल.

आपला,
एक प्रशिक्षक